दोन ईएमएच्या मधली जागा रंगवायची आहे: एरर येतो, रंग गडद होतो, कॅन्डल झाकतात

तापीकाठ, जळगाव

राम राम मंडळी. ट्रेडिंगव्ह्यूवर (चार्टची वेबसाइट) गोल्ड मिनीचा (सोन्याचा छोटा वायदा) १५ मिनिटांचा चार्ट आहे, म्हणजे एक बार किंवा कॅन्डल १५ मिनिटांची. त्यावर २० आणि ५० बारचा ईएमए, म्हणजे अलीकडच्या किमतींना जास्त वजन देणारी सरासरी. या दोन रेषांच्या मधली जागा भरायची आहे. २० वर असेल तोवर फिका हिरवा, खाली गेला की फिका लाल. नजर टाकताच दिशा आणि अंतर दोन्ही कळावं, एवढीच अपेक्षा.

अडचणी अशा:

यादीतून दोन ईएमए वेगवेगळे लावले तर मधली जागा भरायचा पर्याय कुठल्याच सेटिंगमध्ये दिसत नाही. बोलिंजर बँडला (सरासरीच्या वर-खाली काढलेल्या रेषा) तो आहे, इथे का नाही?

मग पाईन एडिटरमध्ये (ट्रेडिंगव्ह्यूत कोड लिहायची जागा) लिहून पाहिलं. फास्ट आणि स्लो असे दोन ईएमए काढले, रेषा व्यवस्थित आल्या. पण फिलच्या (जागा भरायची आज्ञा) कंसात फास्ट, स्लो टाकलं की एरर. त्यात एचलाइन पाहिजे होती असं काहीतरी म्हणतो. एचलाइन (ठरलेल्या आकड्यावरची आडवी रेषा) तर मी कुठे लिहिलेलीच नाही.

एका जुन्या कोडातला ट्रान्सपी बरोबर ८५ हा भाग उचलला, तोही चालत नाही. तो काढून टाकला तर रंग इतका गडद येतो की कॅन्डल दिसत नाहीत. नंतर कलर डॉट न्यू वापरून आकडा ४० केला, मग २० केला, तर आणखीच गडद!

आणि याच पद्धतीने आरएसआयचा (किमतीचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा इंडिकेटर) ७० च्या वरचा भाग रंगवता येईल का?

---

पांझरा, धुळे

तापीकाठ भाऊ, एररपासून सुरुवात करू. तो कळला की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

फिलला किंमत लागत नाही, रेषा लागते. फास्ट म्हणजे नुसते आकडे: या बारला इतके, पुढच्या बारला तितके. ते आकडे चार्टवर काढण्याचं काम प्लॉट करतो, आणि काढून झाल्यावर त्या काढलेल्या रेषेची एक ओळख परत देतो. फिलला ती ओळख हवी असते. केळीच्या वाफ्यात पाणी सोडायचं तर आधी दोन्ही बाजूंचे वरंबे उभे असावे लागतात, तसंच हे. तुम्ही रेषा काढल्या, पण त्यांना नाव दिलं नाही आणि फिलला आकडे दिले. फिलचे दोन प्रकार आहेत, एक दोन एचलाइनसाठी आणि एक दोन प्लॉटसाठी. दिलेली वस्तू दोन्हीत बसली नाही की एरर पहिल्या प्रकाराचं नाव घेऊन येतो. म्हणून न लिहिलेल्या एचलाइनचा उल्लेख.

कोड ओळीओळीने सांगतो. इथे शब्द नागरीत आहेत, एडिटरमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांत आणि लहान लिपीत टाका. अंकसुद्धा इंग्रजीच. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि २० देवनागरीत पडला तर एडिटर त्याला आकडा मानत नाही. अवतरण चिन्हांतल्या नावात मात्र मराठी चालतं.

पहिली ओळ आवृत्तीची: दोन तिरक्या रेघा, ॲट, व्हर्जन बरोबर ६.
दुसरी: इंडिकेटर, कंसात अवतरणात नाव, स्वल्पविराम, ओव्हरले बरोबर ट्रू (म्हणजे किमतीच्या चार्टवरच काढा).
तिसरी: फास्ट बरोबर टीए डॉट ईएमए, कंसात क्लोज, २०.
चौथी: स्लो बरोबर टीए डॉट ईएमए, कंसात क्लोज, ५०.
पाचवी: पी१ बरोबर प्लॉट, कंसात फास्ट.
सहावी: पी२ बरोबर प्लॉट, कंसात स्लो.
सातवी: रंग ठरवणारी. भराव बरोबर फास्ट मोठा स्लोपेक्षा, प्रश्नचिन्ह, कलर डॉट न्यू कंसात कलर डॉट ग्रीन, ८५, मग इंग्रजी कोलन (:), कलर डॉट न्यू कंसात कलर डॉट रेड, ८५. ‘भराव’च्या जागी इंग्रजी अक्षरांत काहीही नाव ठेवा.
आठवी: फिल, कंसात पी१, पी२, कलर बरोबर भराव.

आठ ओळींत काम झालं. पाचवी आणि सहावी ओळ नीट पाहा, सगळा फरक तिथेच आहे.

आता गडद रंगाचं. कलर डॉट न्यूमधला दुसरा आकडा पारदर्शकतेचा असतो. ० म्हणजे पूर्ण भरीव, १०० म्हणजे अदृश्य. ८५ वरून ४० वर आलात म्हणजे पारदर्शकता कमी केली, म्हणून रंग गडद झाला. गोंधळ व्हायला कारणही आहे: सेटिंगमधल्या स्टाइल टॅबमध्ये रंगाखाली जी पट्टी असते ती उलट मोजते, तिथे १०० टक्के म्हणजे भरीव. कोडातले ८५ म्हणजे त्या पट्टीवरचे १५. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ८५ ते ९० आणि काळ्यावर ७५ ते ८५ ठेवावं. काळ्यावर ९० ला हिरवा जवळजवळ नाहीसा होतो.

ट्रान्सपी हा जुना प्रकार. आवृत्ती ४ पर्यंतच्या कोडांत सर्रास सापडतो. आवृत्ती ६ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यात तो चालत नाही. पारदर्शकता रंगाच्या आतच द्यायची. जुना कोड उचलताना सगळ्यात आधी पहिल्या ओळीतला आवृत्तीचा आकडा बघायची सवय लावा, निम्मे एरर तिथेच कळतात.

बोलिंजरला पर्याय आहे कारण त्याच्या वरच्या आणि खालच्या रेषा एकाच इंडिकेटरच्या आहेत. तुमचे दोन ईएमए वेगवेगळे लावले की ते एकमेकांना ओळखत नाहीत. एका स्क्रिप्टमधली रेषा आणि दुसऱ्या स्क्रिप्टमधली रेषा यांच्यात फिल होत नाही. दुसऱ्या इंडिकेटरची रेषा घ्यायचीच असेल तर इनपुट डॉट सोर्सने तिचे आकडे आपल्या स्क्रिप्टमध्ये आणायचे, इथे पुन्हा प्लॉट करायचे आणि मग भरायचे. दोन्ही ईएमए एकाच स्क्रिप्टमध्ये आणण्याचा आणखी एक फायदा असा की मोफत खात्यावर एका चार्टला इंडिकेटरची मर्यादा असते, आणि हे सगळं मिळून एकच मोजलं जातं.

कॅन्डल अजूनही रंगाखाली गेल्यासारख्या वाटल्या तर चार्टवर इंडिकेटरच्या नावापुढच्या तीन टिंबांत व्हिज्युअल ऑर्डर आहे, तिथून सेंड टू बॅक करा.

दोन गोष्टी हमखास अडतात. प्लॉट आणि फिल हे इफच्या आत लिहिता येत नाहीत. ‘वर असेल तर हा फिल, नाहीतर तो फिल’ असं लिहायला गेलात की अडकलात. अट रंगात घालायची, सातव्या ओळीसारखी. भरायचंच नसेल त्या बारला रंगाच्या जागी एनए (म्हणजे काहीच नाही) द्यायचं. आणि स्टाइल टॅबमधून एकदा हाताने रंग बदललात की चार्टवर तोच राहतो. मग कोडात ८५ चे ९० करा की ९५, काही हलत नाही. सेटिंगच्या खाली डिफॉल्ट्समध्ये रीसेट सेटिंग्ज करा, किंवा इंडिकेटर काढून पुन्हा लावा. कोडात ओव्हरले बदललात तरीही काढून पुन्हा लावावं लागतं, नाहीतर तो खालच्या वेगळ्या कप्प्यातच बसून राहतो.

---

बोरी, अमळनेर

पांझरा दादांनी पाया नीट घातला. आरएसआयचं मी सांगते, कारण तिथे वेगळीच अडचण आहे.

७० ची रेषा लोक एचलाइनने काढतात आणि आरएसआय प्लॉटने. फिलला एक एचलाइन आणि एक प्लॉट असं मिश्रण चालत नाही. दोन्ही एचलाइन तरी हव्यात, नाहीतर दोन्ही प्लॉट. म्हणून ७० हा आकडा प्लॉट करा आणि डिस्प्ले बरोबर डिस्प्ले डॉट नन द्या. रेषा दिसणार नाही, पण भरायला उपयोगी पडेल. दिसणारी तुटक रेषा हवी असेल तर शेजारी एचलाइनही राहू द्या.

आता नुसतं ‘७० च्या वर असेल तर रंग, नाहीतर एनए’ असं केलंत तर कड दातेरी येईल. उदाहरण घ्या: मागच्या बारला आरएसआय ६५, या बारला ७४. रेषा ६५ वरून ७४ ला तिरकी जाते आणि मध्ये कुठेतरी ७० ला कापते. पण भराव बारच्या मापाने चालतो. त्या दोन बारमधला अख्खा पट्टा एकाच रंगाचा होतो, म्हणजे ७० च्या खालचा छोटा त्रिकोणही रंगतो किंवा वरचा कोरा राहतो.

यावर उत्तम उपाय ग्रेडियंट फिल. त्यात रंगाच्या ऐवजी चार गोष्टी द्यायच्या: टॉप व्हॅल्यू, बॉटम व्हॅल्यू, टॉप कलर, बॉटम कलर. आरएसआयची रेषा आणि ५० ची लपवलेली रेषा यांच्यामध्ये फिल करा. टॉप व्हॅल्यू १००, बॉटम व्हॅल्यू ७०. वरचा रंग पारदर्शकता ०, खालचा रंग तोच, पण पारदर्शकता १००. म्हणजे ७० ला रंग शून्य आणि जसजसं वर जाल तसा गडद. ७० च्या खाली सगळं पारदर्शकच, त्यामुळे कड बरोबर ७० च्या रेषेवर बसते, बार कुठे का असेना. खालच्या बाजूला ३० आणि ० घेऊन हेच: टॉप ३०, बॉटम ०, आणि गडद रंग खाली. ट्रेडिंगव्ह्यूच्या स्वतःच्या आरएसआयमध्ये याच युक्तीने रंग भरलेला आहे. त्याचा सोर्स कोड उघडून पाहा, ५० ची लपवलेली रेषा तिथे सापडेल.

दोन ईएमए कापतात तिथेही हाच त्रिकोण दिसतो. २० चा ईएमए ५० ला कापून वर गेला की त्या एका पट्ट्याला एकच रंग मिळतो आणि छेदाच्या एका बाजूचा चिमुकला त्रिकोण चुकीच्या रंगात राहतो. १५ मिनिटांच्या चार्टवर बार दाटीने असतात, तिथे तो जाणवत नाही. झूम केलं किंवा आठवड्याचा चार्ट लावला की डोळ्यात भरतो.

त्याला पर्याय असा. तिसरी एक रेषा काढा: वर बरोबर मॅथ डॉट मॅक्स, कंसात फास्ट, स्लो. ती लपवा. मग दोन फिल: ‘वर’ आणि स्लो यांच्यात कायम हिरवा, ‘वर’ आणि फास्ट यांच्यात कायम लाल. अट कुठेच नाही. फास्ट वर असेल तेव्हा ‘वर’ म्हणजे फास्टच, मग लाल भरावाची उंची शून्य होते आणि फक्त हिरवा उरतो. खाली गेला की उलट. रंग निमुळते होत संपतात आणि शेजारचा निमुळता सुरू होतो. पूर्ण अचूक हेही नाही: छेदाच्या त्या एका बारवर ‘वर’ची रेषा थेट तिरकी जाते, म्हणून छेदाच्या डोक्यावर एक बारीक कोपरा रेषांच्या बाहेर भरला जातो आणि दोन रंग थोडे एकमेकांवर येतात. तरी दिसायला हे कितीतरी स्वच्छ आहे, आणि दोन्ही रंग स्टाइल टॅबमधून वेगवेगळे बदलता येतात.

---

गिरणा, चाळीसगाव

जे अमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर वापरतात त्यांच्यासाठी. तिथे फिल नावाची गोष्ट नाही, स्टाइलक्लाउड आहे, आणि तो प्लॉटओएचएलसीमध्ये चालतो. चार किमतींच्या जागा असतात: ओपन, हाय, लो, क्लोज. तिथे फास्ट, फास्ट, स्लो, स्लो असं द्यायचं. नाव रिकामं. रंगाच्या जागी आयइफ: फास्ट मोठा असेल तर हिरवा, नाहीतर लाल. स्टाइलमध्ये स्टाइलक्लाउड, स्टाइलनोलेबल आणि स्टाइलनोरीस्केल, मध्ये उभी रेघ देऊन. त्यापुढे नल, नल, ०, उणे १. शेवटचा उणे १ हा झेड ऑर्डर, म्हणजे कोणता थर वर आणि कोणता खाली. तो विसरलात की ढग कॅन्डलवर येतो आणि सगळं झाकून टाकतो.

पाईनसारखा पारदर्शकतेचा आकडा इथे रंगाला जोडायचा नसतो. फिकेपणा कलरब्लेंडने आणायचा: कलरब्लेंड, कंसात कलरग्रीन, गेटचार्टबीकेकलर आणि त्याचे कंस, ०.८. हा ०.८ म्हणजे ८० टक्के पार्श्वभूमीचा रंग आणि २० टक्के हिरवा. पार्श्वभूमी पांढऱ्याची काळी केली तरी फिकेपणा आपोआप जुळतो, म्हणून थेट फिका हिरवा लिहिण्यापेक्षा हे बरं. पण हे मिश्रण आहे, आरपार दिसणं नव्हे. दोन ढग एकमेकांवर आले तर वरचा खालच्याला झाकतो.

आरएसआयसाठी अमीब्रोकरमध्ये स्टाइलक्लिपमिनमॅक्स आहे. क्लाउडला तो जोडायचा आणि किमान-कमालच्या जागी ३० आणि ७० द्यायचे. मग ३० ते ७० चा मधला भाग कापला जातो आणि बाहेरचंच रंगतं. छेदाचा त्रिकोण वगैरे भानगड राहत नाही.

मेटाट्रेडर ५ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉफिलिंग. एका प्लॉटला दोन बफर (आकड्यांच्या याद्या) आणि दोन रंग. कुठला बफर वर आहे त्याप्रमाणे रंग तोच निवडतो, अट लिहायची गरज नाही. एकच सांभाळायचं: कुठल्याही बफरची किंमत ० असेल किंवा रिकामी ठरवलेली असेल तर त्या बारला भराव येत नाही. किमतीच्या चार्टवर हे कधी जाणवत नाही, पण शून्याभोवती फिरणाऱ्या इंडिकेटरला एक रेषा ० ठेवून भरायला गेलात की पूर्ण जागा कोरी राहते आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही.

---

तापीकाठ, जळगाव

पांझरा दादा, बोरी ताई, दोन्ही जमलं. पी१, पी२ नाव दिलं आणि एरर गेला. मॅक्सची युक्तीही लावली.

आता तीन शंका. चालू बारवर रंग सारखा हिरवा-लाल होतो, बार पूर्ण झाला की मग स्थिर. दुसरी, ब्रोकरच्या ॲपमध्येही ट्रेडिंगव्ह्यूचाच चार्ट आहे, तिथे ही स्क्रिप्ट सापडत नाही. तिसरी, हाच कोड एनसीडीईएक्सच्या (शेतमालाचा वायदे बाजार) कापसावर १५ मिनिटांना लावला तर भराव तुटक-तुटक, विचित्र दिसतो. कोड तर तोच आहे.

---

पांझरा, धुळे

दुसरीचं उत्तर छोटं आहे. ब्रोकरच्या ॲपमध्ये जोडलेला चार्ट ही ट्रेडिंगव्ह्यूच्या चार्ट लायब्ररीची प्रत असते. पाईन स्क्रिप्ट तिथे चालत नाही. स्क्रिप्ट ट्रेडिंगव्ह्यूच्या स्वतःच्या साइटवर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लिहून सेव्ह करा, मग त्याच खात्याने त्यांच्या मोबाईल ॲपमध्ये माझ्या स्क्रिप्ट्सच्या यादीतून लावता येते.

रंग उलटसुलट होतो कारण चालू बारचं क्लोज (शेवटची किंमत) अजून ठरलेलं नाही. प्रत्येक सौद्याला क्लोज बदलतं, त्याबरोबर दोन्ही ईएमए बदलतात आणि दोन रेषा अगदी जवळ असतील तर वर-खाली होत राहतात. मागच्या बारवर हे कधी होत नाही. रंग स्थिर हवा असेल तर सातव्या ओळीत फास्ट आणि स्लोच्या पुढे चौकोनी कंसात १ लावा, म्हणजे रंग मागच्या पूर्ण झालेल्या बारवरून ठरेल. बदल एक बार उशिरा दिसेल, पण दिसला की फिरणार नाही. रेषा मात्र चालूच राहू द्या. मॅक्सची पद्धत लावली असेल तर रंगाला अट नाही, त्यामुळे हे तिथे लागू होत नाही. स्थिर रंग हवा की स्वच्छ छेद, यातलं एक निवडा. माझं मत विचाराल तर ज्या चार्टवरून सौदा ठरतो तिथे स्थिर रंग.

भरावावर अलर्ट लागत नाही. अलर्टच्या खिडकीत तुमची स्क्रिप्ट निवडली की तिचे प्लॉट यादीत येतात. फास्ट, क्रॉसिंग अप, स्लो असं निवडा आणि वन्स पर बार क्लोज ठेवा. बार क्लोज ठेवलं नाही तर त्याच लुकलुकण्यावर अलर्ट वाजेल.

रोजचा ईएमए १५ मिनिटांच्या चार्टवर आणून भरणारे बरेच आहेत. तिथे रिक्वेस्ट डॉट सिक्युरिटी (दुसऱ्या कालावधीचे आकडे आणणारी आज्ञा) लागतं, आणि चालू दिवसाचा आकडा दिवसभर हलत राहतो. मागचे दिवस पाहताना भराव स्थिर वाटतो, कारण जुन्या बारला पूर्ण झालेल्या दिवसाचाच आकडा मिळालेला असतो. हे टाळायचं तर आत मागच्या दिवसाची किंमत घ्यायची, चौकोनी कंसात १ लावून, आणि लुकअहेड (दिवसाचा आकडा दिवस संपण्याआधीच देणारा पर्याय) चालू ठेवायचं. दोन्ही एकत्रच. मागची किंमत न घेता नुसतं लुकअहेड चालू केलंत तर जुन्या चार्टवर भविष्य दिसायला लागेल आणि सगळी तपासणी खोटी ठरेल.

---

बोरी, अमळनेर

कापसाचं कारण कोडात नाही, बाजारात आहे. ज्या १५ मिनिटांत एकही सौदा होत नाही त्या वेळेचा बारच बनत नाही. ईएमए घड्याळ मोजत नाही, बार मोजतो. २० बार म्हणजे सलग व्यवहार असतील तर ५ तास. सौदे विरळ असतील तर तेच २० बार दोन-तीन दिवसांत पसरलेले असू शकतात. एका सौद्याने किंमत उडी मारते, रेषा उडी मारते आणि भराव तुटल्यासारखा दिसतो. अशा वायद्याला दिवसाचा चार्ट घ्या. १५ मिनिटांवर तिथे कुठलाच ईएमए विश्वासाचा नाही, रंगवला काय आणि न रंगवला काय.

याच हिशेबातली एक गोष्ट गोल्ड मिनीलाही लागू आहे. एमसीएक्स या वायदे बाजारात सोनं सकाळी ९ ते रात्री ११:३० चालतं, अमेरिकेत हिवाळी वेळ असली की ११:५५ पर्यंत. ९ ते ११:३० म्हणजे साडेचौदा तास, १५ मिनिटांचे ५८ बार. म्हणजे ५० चा ईएमए एका दिवसाच्याही आतला. एनएसईवर ९:१५ ते ३:३० मध्ये २५ च बार होतात, तिथे तोच ५० दोन दिवसांचा. शेअरवर जुळवलेले २०-५० सोन्यावर जसेच्या तसे लावले की रंग दिवसातून अनेकदा का पालटतो, ते यावरून कळेल.

वारंवार पालटणाऱ्या रंगाला एक उतारा आहे. अंतराला एटीआरने (एका बारमध्ये किंमत सरासरी किती हलते त्याचं माप) भागा: अंतर बरोबर फास्ट वजा स्लो, भागिले टीए डॉट एटीआर कंसात १४. हा आकडा ०.२५ पेक्षा कमी असेल, वर वा खाली, तर रंग राखाडी ठेवा. ०.२५ हा सुरुवातीचा आकडा, आपल्या चार्टवर जुळवून घ्यायचा. भरावाची नुसती जाडी बघून जोर ठरवणं फसवं असतं. चार्टची उभी पट्टी आपोआप ताणली-आखडली जाते, आणि ४० रुपयांचं अंतर शांत दिवशी भलं मोठं दिसतं. एटीआरने भागलं की शांत दिवस आणि उसळीचा दिवस एकाच मापात येतात.

कलर डॉट फ्रॉम ग्रेडियंट वापरून याच आकड्यावर रंग फिका-गडद करता येतो: तळ ०, माथा २. पण रंग असा चालता-चालता मोजला की स्टाइल टॅबमधून रंगांचे चौकोन गायब होतात. ते हवे असतील तर रंग इनपुट डॉट कलरने घ्या, मग ते इनपुट्स टॅबमध्ये मिळतील.

---

पांझरा, धुळे

बोरी ताईंच्या मुद्द्याला जोडून. कंटिन्युअस चार्टवर (एकामागून एक महिन्यांचे वायदे जोडून केलेला) महिना पालटताना जुन्या आणि नव्या वायद्याच्या किमतीत फरक असतो. त्या दिवशी जो खड्डा किंवा उडी दिसते ती बाजाराची नसते. पण ईएमए ती खरी मानतो आणि पुढचे कित्येक बार भराव एका बाजूला फुगलेला राहतो. वायदा पालटल्यावर एक दिवस तरी रंगावर भरवसा ठेवू नका, किंवा चालू महिन्याचा वायदा वेगळा उघडून पाहा.

---

सातपुडा, शहादा

विषयाला लागून एक विचारतो. बाजार समितीतला कापसाचा रोजचा भाव एक्सेलमध्ये लिहिलेला आहे, दुसऱ्या रकान्यात हमीभाव. या दोघांच्या मधली जागा अशीच रंगवायची आहे, हमीभावाच्या खाली गेला की लाल. एक्सेलच्या रेषेच्या चार्टमध्ये फिल मिळत नाही.

---

गिरणा, चाळीसगाव

मिळतं भाऊ, फक्त वाट वेगळी. एक्सेलला दोन रेषांच्या मधलं काही कळत नाही, त्याला थरावर थर रचता येतात. म्हणून तीन नवे रकाने करा.

पहिला तळ: मिन, कंसात भाव आणि हमीभाव. दुसरा वरचा: मॅक्स, कंसात ० आणि भाव वजा हमीभाव. तिसरा खालचा: मॅक्स, कंसात ० आणि हमीभाव वजा भाव. या तिघांचा स्टॅक्ड एरिया चार्ट काढा. तळाच्या थराला नो फिल, वरच्याला हिरवा, खालच्याला लाल. नंतर भाव आणि हमीभाव हे दोन रकाने त्याच चार्टमध्ये घाला आणि त्या दोघांचा प्रकार बदलून लाइन करा. उभ्या अक्षाची सुरुवात ६,००० वगैरे केली तरी चालतं, तळाचा थर अदृश्यच आहे.

हमीभावाच्या रकान्यात एकच आकडा खालपर्यंत ओढू नका. २०२४-२५ ला मध्यम धाग्याला क्विंटलला ७,१२१ आणि लांब धाग्याला ७,५२१ होता. २०२५-२६ ला ७,७१० आणि ८,११० झाला. हंगाम ऑक्टोबरपासून धरतात, तिथे आकडा बदला. आणि तुमचा भाव ज्या धाग्याचा, हमीभावही त्याच धाग्याचा घ्या. नाहीतर ४०० रुपयांचा लाल पट्टा फुकट दिसेल.

समिती बंद असेल त्या दिवशी रकाना रिकामा सोडू नका. एरिया चार्ट रिकाम्या खान्याला ० धरतो आणि थर खाली कोसळतो. ती ओळच काढून टाका आणि आडवा अक्ष तारखेचा ठेवा, मग मधल्या दिवसावरून रेषा सरळ जोडली जाते. आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये ऑन टिक मार्क्स निवडा. ते केलं नाही तर भराव चार्टच्या डाव्या-उजव्या कडेपासून अर्धा खाना आत सुरू होतो. भाव हमीभावाला कापतो तिथे बोरी ताईंनी सांगितलेला त्रिकोण इथेही येईल. नेमकी कड हवी असेल तर कापण्याच्या तारखेची एक ओळ मध्ये घालून भावाच्या जागी हमीभावाचाच आकडा टाका, म्हणजे दोन्ही थर तिथे शून्याला मिळतात. ती ओळ वेगळ्या रंगाने खूण करून ठेवा, पुढे सरासरी काढताना ती वगळावी लागेल.

---

सातपुडा, शहादा

तळाचा थर नो फिल केला, पण खाली चौकटीत त्याचं नाव दिसतंय. ते कसं काढायचं?

---

गिरणा, चाळीसगाव

लेजेंडवर एकदा क्लिक करा, मग फक्त त्या नावावर पुन्हा एकदा, आणि डिलीट दाबा. नाव जाईल, थर राहील. पहिल्याच क्लिकवर डिलीट दाबलंत तर अख्खी चौकट जाते.